उडत्या तबकड्यांचा लष्करी तपास: एक तपासणी

मागच्या हिवाळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत आकाशदर्शनासाठी आमचे जाणे झाले. चंद्रावरची विवरे पाहून झाली, गुरूचे उपग्रह पाहून झाले. मुले घरी निघण्याच्या बेतात असताना नववीतली एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "सर, आमच्या पप्पांनी पहाटं एक पांढरा गोळा पाहिलाय. रातीची लाईट होती म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. लई वेळ एकाच जागी होता. उजाडल्यावर दिसंना झाला." आणि लगेच पुढचा प्रश्न: "लडाखमध्ये मिलिटरीनं असल्याच गोळ्यांचा तपास केला म्हणे. त्यांनाबी सापडलं नाही. मग काहीतरी असंलच की नाही?"

शेजारी उभे असलेले एक शिक्षक हसून म्हणाले, "अगं, शुक्राची चांदणी असेल. जा घरी आता." मुलगी गप्प झाली. खरे सांगायचे तर आमच्याही ओठांवर तेच उत्तर आले होते. पण मग मनात आले, हे आपल्याला कसे कळले? आम्ही तिला तारीख विचारली. "दिवाळीनंतर कधीतरी." दिशा? "देगलूरच्या अंगाला." किती उंचावर? ते तिला सांगता येईना. म्हणजे शुक्र असेलही, नसेलही. शिक्षकांचे उत्तर बरोबर असण्याची शक्यता होती, पण ते उत्तर तपासातून आलेले नव्हते. आणि मुलीच्या प्रश्नातला दुसरा भाग, म्हणजे लष्कराला सापडले नाही याचा अर्थ काय, याला तर कोणीच हात घातला नाही.

या लेखात तोच भाग घेऊ. उडत्या तबकड्यांचा शोध वेगवेगळ्या देशांच्या लष्करांनी घेतला आहे आणि त्याचे अहवालही निघाले आहेत. एरवी या अहवालांतले निष्कर्ष तेवढे सांगितले जातात. आपण ते तपास विज्ञानाच्या कसोटीवर किती उतरतात ते पाहू.

प्रश्न दोन, उत्तरे दोन

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. आकाशात अनोळखी वस्तू दिसली की लष्कर विचारते, "हे शत्रूचे आहे का? यापासून धोका आहे का?" वैज्ञानिक विचारतो, "हे काय आहे?" वरवर दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण तसे ते नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर "धोका नाही" असे आले की लष्कराचे काम संपते. फाईल बंद होते आणि तीवर शेरा पडतो: ओळख पटली नाही. हा शेरा तपास कुठे थांबला ते सांगतो. ती वस्तू काय आहे याबद्दल तो काहीच सांगत नाही.

बातमीत मात्र त्याचा अर्थ पालटतो. "ओळख पटली नाही" याचे "ओळखता येत नाही" होते, त्याचे पुढे "गूढ" होते, आणि चौथ्या दिवशी परग्रहवासी येऊन पोचतात. यात लष्कराने खोटे काही सांगितलेले नसते. त्याचे अर्धे वाक्य आपण पूर्ण वाक्य म्हणून वाचलेले असते.

इम्फाळचे उदाहरण घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी इम्फाळ विमानतळाजवळ आकाशात एक वस्तू दिसली. काही तास विमानांची ये-जा थांबली. हवाई दलाने आपली संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, शोधासाठी राफेल विमाने गेली. नंतर ती लहान वस्तू पुन्हा दिसली नाही, असे हवाई दलाने जाहीर केले. लष्कराच्या दृष्टीने हा तपास योग्यच होता: विमानतळ सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचे होते, ते ठरले. पण वैज्ञानिक प्रश्न जिथल्या तिथे राहिला. "विमाने गेली आणि काही सापडले नाही" एवढ्यावरून ती वस्तू विलक्षण होती असे म्हणता येत नाही, आणि तो फुगाच होता असेही म्हणता येत नाही.

बारा हजार नोंदींचा पसारा

या विषयातला सर्वांत मोठा लष्करी तपास अमेरिकेच्या हवाई दलाचा. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. त्या बातमीतूनच 'उडती तबकडी' हा शब्द जगभर गेला. पाठोपाठ हवाई दलाने चौकशी सुरू केली. १९५२ पासून तिचे नाव 'प्रोजेक्ट ब्लू बुक' असे झाले. डिसेंबर १९६९ मध्ये हे काम बंद करण्यात आले. तोवर जमलेल्या नोंदी होत्या १२,६१८. त्यांपैकी ७०१ नोंदींची ओळख पटली नाही, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के.

या ७०१ चे काय करायचे? तबकड्यांवर विश्वास असणारे म्हणतात, हाच पुरावा. विश्वास नसणारे म्हणतात, आणखी माहिती असती तर तेही शुक्र आणि फुगेच निघाले असते. दोघेही न पाहिलेल्या माहितीच्या जोरावर बोलत आहेत. वर्गात आपण मुलांना सांगतो की प्रयोगाच्या वहीत नोंद नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही. तोच नियम इथे लावला तर ७०१ या आकड्याचा अर्थ एवढाच उरतो: इतक्या प्रसंगी नोंद अपुरी तरी होती किंवा उत्तर तरी मिळाले नाही.

ब्लू बुकचा खरा दोष त्या ७०१ मध्ये नव्हता. ज्यांची "ओळख पटली" असे सांगितले गेले, त्यांतल्या काही उत्तरांत तो होता. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दलदलीजवळ लोकांनी दिवे पाहिले. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी दलदलीतल्या वायूची शक्यता बोलून दाखवली. तपास पुरता झालेला नसताना शक्यतेचे उत्तर बनले आणि देशभर टिंगल झाली. हायनेक पुढे ब्लू बुकचे कठोर टीकाकार झाले. घाईने दिलेला "वैज्ञानिक" खुलासा हा अफवेइतकाच अवैज्ञानिक असू शकतो, हा या प्रसंगाचा धडा आहे. आमच्या शिक्षक मित्राची शुक्राची चांदणी त्याच जातीची होती.

यानंतर हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन त्याचे प्रमुख होते. १९६९ च्या आरंभी हा अहवाल प्रसिद्ध झाला. या नोंदींच्या अभ्यासातून विज्ञानात काही भर पडलेली नाही आणि पुढे पडेल असे वाटत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तो आरंभीच दिलेला आहे. पण आतल्या पानांवर बरीच प्रकरणे न उलगडलेली आहेत. ज्यांनी फक्त पहिली पाने वाचली ते निश्चिंत झाले, ज्यांनी आतली पाने वाचली ते संशयी झाले. आमचे मत असे: निष्कर्ष बहुधा योग्य होता, मांडणी मात्र सदोष होती. जे उलगडले नाही ते का उलगडले नाही, कोणती माहिती कमी पडली, हे निष्कर्षातच ठळकपणे सांगितले असते तर पुढचा बराच वाद टळला असता.

लडाखचे दोन दिवे

आता मुलीने विचारलेल्या लडाखकडे येऊ. २०१२ मध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात भारतीय जवानांनी पिवळसर तेजस्वी गोळे वारंवार पाहिले. ते चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत, तीन ते पाच तास हळूहळू आकाश ओलांडत आणि दिसेनासे होत. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शंभरावर नोंदी झाल्या. सीमेवरचा प्रश्न, तेव्हा हेरगिरीची मानवरहित विमाने असल्याचा संशय येणे अगदी स्वाभाविक होते. रडार आणि स्पेक्ट्रम ॲनलायझर तिथे नेण्यात आले. रडारवर काही उमटले नाही, म्हणून वस्तू धातूची नसावी असा तर्क बातम्यांत आला. टेहळणीचे विमान त्या दिशेने पाठवले, तेही हात हलवत परतले. ते ग्रह नव्हेत, असेही तेव्हा छापून आले.

मुलीने ऐकले ते इथपर्यंतचे. पुढचा भाग तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. सैन्याने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली. लडाखमध्येच हानले येथे या संस्थेची वेधशाळा आहे. वस्तू आकाशस्थ आहेत की पृथ्वीवरच्या, एवढेच ठरवण्याचे काम आपल्याकडे होते, असे संस्थेचे तुषार प्रभू यांनी नंतर सांगितले. २०१३ च्या जुलैमध्ये उत्तर वृत्तपत्रांत आले: एक गोळा गुरू, दुसरा शुक्र. तोवर जवानांच्या नोंदींची संख्या ३२९ झाली होती आणि त्यांतल्या १५५ नोंदींत "वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या अलीकडे आली" असे लिहिलेले होते.

हे वाचून हसू नये. त्याऐवजी उत्तर पडताळून पाहावे, आणि ते आपल्याला वर्गात बसून करता येते. डिसेंबर २०१२ च्या आरंभी गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवत होता आणि रात्रभर दिसत होता. शुक्र ऑगस्टच्या मध्यावर सूर्यापासून सर्वाधिक दूर, पहाटेचा ग्रह म्हणून तळपत होता. जवानांच्या नोंदींतला एक गोळा संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसू लागे, दुसरा पहाटे चारच्या सुमारास. जुळते. गोळे चीनच्या बाजूने उगवत, कारण त्या भागात चीनची बाजू पूर्वेला आहे आणि ग्रह सगळेच पूर्वेला उगवतात. चार तासांत ते साठ अंश सरकत, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. रडारचे कोडेही सुटते. प्रतियुतीच्या वेळी गुरू सुमारे ६१ कोटी किलोमीटरवर होता. तिथे रेडिओलहर जाऊन परत यायला एक तासाहून अधिक वेळ लागतो. सीमेवरच्या रडारने तो "पकडावा" ही अपेक्षाच चुकीची. सव्वाचार हजार मीटर उंचीवरची विरळ, कोरडी हवा आणि मिट्ट काळोख यांमुळे ग्रह आपल्या सवयीपेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात, हेही ध्यानात घ्यावे.

मग दोष कोणाचा? जवानांचा नाही. त्यांनी वेळ लिहिली, दिशा लिहिली, रोज लिहिली. म्हणूनच तर कोडे सुटले. दोष कुठे असेल तर तो क्रमात: महागडी यंत्रे आधी आली, पंचांग नंतर उघडले गेले. आणि श्रेयही द्यायला हवे. आपल्याला जमत नाही ते काम सैन्याने ज्यांना जमते त्यांच्याकडे सोपवले. ब्लू बुकला सल्लागार होते, पण त्यांचा शब्द अंतिम नव्हता. लडाखमध्ये प्रश्न नेमका करून विचारला गेला, म्हणून उत्तरही नेमके मिळाले.

एक फुगा लपवलेला, एक फुगा जाहीर केलेला

लष्करी तपासाला आणखी एक मर्यादा असते: गुप्तता. जुलै १९४७ मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेल गावाजवळ काही भंगार सापडले. लष्कराने आधी "उडती तबकडी सापडली" असे पत्रक काढले आणि लगेच "हवामानाचा फुगा" असा खुलासा केला. तो खुलासा अर्धाच खरा होता. सोव्हिएत अणुचाचण्यांचे आवाज टिपण्यासाठी उंच सोडलेल्या फुग्यांच्या माळा, म्हणजे 'प्रोजेक्ट मोगल', हे तिथे चाललेले खरे गुप्त काम. ते भंगार त्याच फुग्यांचे असावे, हे हवाई दलाने सांगितले १९९४ मध्ये. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत त्या भंगारातून परग्रहवासीयांची प्रेते, शवविच्छेदन आणि एक अख्खा उद्योग उभा राहिला. लष्कराकडे गुप्ततेचे कारण होते हे मान्य. पण अर्धे सत्य सांगणारा जेव्हा पुढे पूर्ण सत्य सांगतो, तेव्हा त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता आपल्या घराजवळचा फुगा पाहा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र १९६९ पासून हैदराबादला आहे. पातळ पॉलिथीनचे, हायड्रोजन भरलेले, वर गेल्यावर पन्नास मीटरहून अधिक व्यासाचे होणारे फुगे तिथून वैज्ञानिक उपकरणे घेऊन तीस ते चाळीस किलोमीटर उंच जातात. ते रात्री किंवा पहाटे सोडतात. प्रयोग संपल्यावर उपकरणे मोठ्या रंगीत पॅराशूटने खाली येतात. कुठे येतील ते वाऱ्यावर. म्हणून संस्था आधीच जाहीर सूचना काढते आणि त्यात जिल्ह्यांची नावे देते. त्या यादीत नांदेड आहे, लातूर आहे, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवही आहेत. उपकरण उघडू नका, काही भागांत घातक विद्युतदाब असू शकतो, जवळच्या पोलिस ठाण्याला कळवा, असे त्यात सांगितलेले असते.

रॉसवेल आणि हैदराबाद, दोन्हीकडे वस्तू तीच: मोठा फुगा. एकाभोवती दंतकथा झाली, दुसऱ्याची बातमीही होत नाही. फरक केवळ आधी सांगण्याचा आहे. आमच्या मते लष्करी तपासांवरची ही सर्वांत बोलकी टीका आहे, आणि ती करायला कोणा टीकाकाराची गरज पडत नाही.

नांदेड आणि लातूर: एक मोजमाप

फुग्याचे नाव निघाले आहे तर त्या मुलीच्या वडिलांकडे परत जाऊ. नांदेडहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर, आग्नेयेला. ३५ किलोमीटर उंचीवरचा फुगा हैदराबादवर असेल, तर पृथ्वीची वक्रता धरूनही तो नांदेडहून क्षितिजाच्या वर साधारण साडेसात अंशांवर दिसायला हवा. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची असते, म्हणजे मुठीहून थोडे कमी. एवढ्या उंचीवर सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी उगवतो. खाली अंधार असताना फुगा उन्हात न्हाऊन निघतो आणि पांढरा ठिपका चमकू लागतो. उजाडले की आकाशाच्या उजेडात हरवतो. शेतकऱ्याने सांगितले त्याच्याशी हे जुळते.

पण शुक्रही याच्याशी जुळतो! पहाटेचा शुक्र पूर्वेला किंवा आग्नेयेला असतो, एकाच जागी असल्यासारखा वाटतो, आणि उजाडल्यावर दिसेनासा होतो. मग निवाडा कसा करायचा?

यासाठी रडार नको, विमान नको. लातूरला एक फोन पुरे. नांदेड आणि लातूर यांत सरळ अंतर सुमारे ११५ किलोमीटर. वस्तू शुक्र असेल तर ती इतकी दूर आहे की दोन्ही गावांतून एकाच क्षणी तिची दिशा जवळजवळ तीच दिसेल, फरक एका अंशाच्या आत. वस्तू हैदराबादवरचा फुगा असेल तर नांदेडच्या शिक्षकाला ती पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे ५४ अंशांवर दिसेल आणि लातूरच्या शिक्षकाला सुमारे २६ अंशांवर. फरक २८ अंशांचा, जवळजवळ तीन मुठी. साध्या होकायंत्राने हा फरक पकडता येतो. नकाशावर दोन्ही गावांतून त्या त्या दिशेच्या रेषा काढा. जिथे त्या छेदतील तिथे, जमिनीपासून वर, ती वस्तू आहे. रेषा समांतर जात असतील तर वस्तू पृथ्वीच्या आसपासची नाही. दहावीच्या भूमितीत हे बसते.

मोठमोठ्या अहवालांत जे सापडत नाही ते हेच: दोन ठिकाणांहून, एकाच वेळी, कोनासह केलेली नोंद. ते असेल तर बहुतेक कोडी संध्याकाळपर्यंत सुटतात. नसेल तर दहा वर्षांनीही ती तशीच राहतात.

अलीकडचे अहवाल

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विभागाने १४४ लष्करी नोंदींचा प्राथमिक आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी खात्रीने ओळख पटली ती एकाच वस्तूची: हवा जाऊन खाली येत असलेला मोठा फुगा. बाकीच्यांसाठी माहिती अपुरी असल्याचे त्यात मोकळेपणाने म्हटले आहे. मार्च २०२४ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याच्या खास कार्यालयाने १९४५ पासूनच्या सरकारी तपासांचा इतिहास प्रसिद्ध केला. परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा आढळला नाही, असे तो सांगतो. हा निष्कर्ष आम्हाला पटतो. तरी एक उणीव राहते: अनेक प्रकरणांची मूळ माहिती गुप्त आहे. ती ज्या उपकरणांनी टिपली त्यांची क्षमता उघड करायची नाही, म्हणून. वाचकाला पडताळणीची सोय नाही, विश्वास ठेवणे तेवढे हाती आहे. विज्ञानात एवढे पुरत नाही.

'नासा'च्या तज्ज्ञ गटानेही सप्टेंबर २०२३ मध्ये हेच दुखणे सांगितले: नोंदी भरपूर, पण मोजमापाची उपकरणे नीट पारखून घेतलेली नाहीत आणि सोबतची माहिती अपुरी. फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९७७ पासून तिथे हे काम लष्कराकडे न देता नागरी अवकाश संस्थेकडे दिलेले आहे, आणि २००७ पासून प्रकरणांचे कागद लोकांसाठी खुले आहेत. न उलगडलेली प्रकरणे त्यांच्याकडेही आहेत. पण ती कोणालाही पुन्हा तपासता येतात. आमच्या मते अनुकरण करायचे असेल तर या वाटेचे करावे.

आपल्याकडेही चांगले उदाहरण आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या अनेकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. उल्का, क्षेपणास्त्र, तबकडी, जे सुचेल ते बोलले गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. गावकऱ्यांनी प्रशासनाला कळवले, वस्तू जपून ठेवल्या गेल्या, 'इस्रो'चे वैज्ञानिक पाहायला आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे कक्षेच्या नोंदींवरून दिसते. वस्तू हातात होती, वेळ ठाऊक होती, अग्निबाणांच्या कक्षांची माहिती खुली होती. तर्काला टेकायला जागा मिळाली.

वर्गात काय करावे

२०१९ पासून 'स्टारलिंक'चे उपग्रह दिव्यांच्या माळेसारखे आकाशातून जाताना दिसू लागले आहेत. उदगीर-देगलूरकडे बीदरच्या हवाई तळावरची विमाने दिसतात. ड्रोन तर लग्नातही उडतात. म्हणजे मुले यापुढे असले प्रश्न जास्तच आणणार. आमची सूचना अशी की विज्ञानाच्या खोलीत एक वही ठेवावी. तीत रकाने: तारीख, घड्याळी वेळ, दिशा, मुठींत मोजलेली उंची, किती वेळ दिसले, जवळच्या ताऱ्यांच्या मानाने हलले का, आणखी कोणी पाहिले. शेवटचा रकाना "काय असावे" हा. तो सर्वांत शेवटी भरायचा, आणि भरता आला नाही तर कोरा सोडायचा. कोरा रकाना ही लाजेची गोष्ट नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेशी बोलून ठेवावे, म्हणजे वेळ आली की दुसरी रेषा मिळेल.

हे एवढे आग्रहाने सांगण्याचे कारण लातूरकरांना वेगळे सांगायला नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. लहान धक्क्यांवरून मोठा भूकंप आधी सांगण्याची विद्या आजही कोणाजवळ नाही, तेव्हा नोंदी ठेवल्या असत्या तर माणसे वाचली असती असे म्हणणे खोटे ठरेल. पण एक गोष्ट तरी त्या मातीने शिकवली आहे. साधा माणूस "मी काहीतरी वेगळे पाहिले, वेगळे ऐकले" असे म्हणतो तेव्हा त्याला हसून घरी पाठवायचे नसते. त्याचे म्हणणे खरे मानायचे असेही नाही. ते लिहून घ्यायचे असते.

त्या मुलीला आम्ही शेवटी सांगितले, "तुझ्या पप्पांनी काय पाहिले ते आम्हाला सांगता येत नाही, कारण तारीख नाही. लडाखमधल्या जवानांनी तारीख आणि वेळ लिहिली होती, म्हणून त्यांचे उत्तर सापडले." ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पप्पांना मोबाईलमध्ये टाईम बघायला सांगायचं." आम्ही म्हटले, "आणि दिशा."

पुढच्या वेळी रातीची लाईट असेल तेव्हा हरभऱ्याच्या बांधावर बहुधा एक चांगली नोंद होईल.